चाकाखालचा कागद

शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या अलीकडे आमचं शेत आहे. डांबरी रस्ता सुटला की दीड किलोमीटरची पाणंद लागते. उन्हाळ्यात तिच्यावरून कुठलीही गाडी जाते. आषाढात मात्र ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि मधे जांभ्याचे धोंडे उघडे पडतात. गेल्या पावसाळ्यात माझी जुनी जिप्सी तिथे अडकली. पुढचं डावं चाक धोंड्यावर चढलं, मागचं डावं हवेत राहून गरागरा फिरू लागलं, पुढचं उजवं चाकोरीत जेमतेम टेकलेलं होतं आणि तेही नुसतं घसरत होतं. इंजिनात दम होता, फोर बाय फोर लावलेलं होतं, तरी गाडी तसूभर हलेना. शेवटी ट्रॅक्टर बोलावून ओढून काढावी लागली.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला माझ्या मामांचं गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगांचं, दुकान आहे. एक भट्टी, तेलाची टाकी, ऐरण, घण आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या पाट्यांच्या थप्प्या. त्यांचे वडील टांग्याच्या कमानी करायचे. मामांनी ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि जीपगाड्यांचे पाटे करण्यात चाळीस वर्षं घालवली. मी पुण्यात गाड्यांच्या सस्पेन्शनची चाचणी करण्याचं काम करते. गाडी त्यांच्याकडे नेली तेव्हा वाटलं होतं, तासाभरात काय ते ठरेल. प्रत्यक्षात आम्ही तीन दिवस वाद घालत होतो. तो वाद इथे उतरवते आहे, कारण जुनी जिप्सी किंवा जीप घेऊन डोंगरात जाणारी कितीतरी मुलं पहिला खर्च पाट्यांवर करतात आणि गाडी उंच झाली म्हणजे ती सुधारली असं समजतात.

पहिला दिवस

मी: मामा, पाट्यांना हात लावायचा नाही, असं माझं मत आहे. चिखलात शिरण्याआधी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, पकड वाढते. मागच्या डिफरन्शियलला लॉक बसवला की हवेतलं चाक आणि जमिनीवरचं चाक बरोबरीनं फिरतील. एवढ्यानं माझी पाणंद पार होईल.

मामा: लॉक बसव की, नको कोण म्हणतंय? पण लॉक हा चाक हवेत गेल्यानंतरचा उपाय झाला. मी विचारतोय, चाक हवेत जातंच का?

मी: कारण गाडी कडक आहे. पण कंपनीनं तो कडकपणा हिशेब करूनच ठेवलाय. पाटा एकाच वेळी तीन कामं करतो. वजन पेलतो, हौसिंगला, म्हणजे दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलच्या लोखंडी नळीला, जागेवर धरून ठेवतो, आणि पाट्यावर पाटा घासून हेलकावाही थोडा जिरवतो. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते, तिथे हौसिंग धरायला वेगळे दांडे लागतात. म्हणून तुम्ही पाट्यात एक गोष्ट बदललीत की तिन्ही कामं बदलतात.

मामा: बरोबर. पण हिशेब कुणाच्या ओझ्याचा? ह्या गाडीच्या मागच्या भागात समोरासमोर बाकडी टाकून माणसं बसवायची आणि वर सामान लादायचं, असा तो हिशेब आहे. तू एकटी बसतेस, फार तर खताची दोन पोती टाकतेस. ज्याच्यावर ओझंच नाही तो पाटा वाकणार कसा? आणि जो वाकत नाही तो चाकाला खड्ड्यात उतरू देणार कसा? कंपनी सगळ्या देशासाठी एक पाटा करते. मी गिऱ्हाईक बघून करतो.

मी: इथेच मला भीती वाटते. पाट्याचा ताठरपणा अंदाजानं बदलायची गोष्ट नाही. जाडी ६ मिलीमीटरची ७ केली, तर नुसत्या नजरेला फरक कळणारही नाही, पण त्या पाट्याचा ताठरपणा जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. लांबीचं उलटं. जाडी तीच ठेवून पाटा दहा टक्के लांब केला की तो सुमारे पाव हिश्शानं मऊ पडतो.

मामा: घन मला माहीत नाही, पण लांब पाटा मऊ असतो हे माझ्या बापानं टांग्यावर दाखवलं होतं. म्हणून तर मी म्हणतोय, मागच्या थप्पीतला एक पाटा काढून टाकू. पाच सारखे पाटे असले आणि एक काढला, तर किती उतरेल?

मी: साधारण पाचवा हिस्सा. पण गाडी खालीही बसेल.

मामा: बसेल. म्हणून राहिलेल्या पाट्यांना थोडी जास्त कमान द्यायची. उंची तेवढीच, कडकपणा कमी. लोक नेमकं उलटं करतात. गाडी खाली आली की म्हणतात, पाटे मऊ झाले, एक पाटा वाढवा. बसलेला पाटा मऊ झालेला नसतो, तो फक्त खाली आलेला असतो.

मी: हे तुम्ही शंभर टक्के खरं बोललात. पोलादाची लवचीकता वर्षानुवर्षं तीच राहते, बदलतो तो बाक. बसलेल्या थप्पीत पाटा वाढवला तर गाडी इंचभर वर येते आणि पहिल्यापेक्षा कडक होते. रस्त्यावर मणका मोडतो आणि रानात चाक आणखी लवकर हवेत जातं.

मामा: मग आपलं भांडण कशावरून आहे?

मी: भांडण एवढंच की तुम्ही आधी बदलता आणि मग बघता. मला आधी मोजायचंय.

त्यावर मामांनी हात झटकले आणि म्हणाले, "मोज." दुकानामागच्या मोकळ्या जागेत आम्ही लाकडी ठोकळ्यांची पायऱ्यांसारखी उतरंड रचली. मी पुढचं डावं चाक एकेका पायरीवर चढवत गेले आणि मामा मागच्या डाव्या चाकाजवळ बसले. टायरखाली आदल्या दिवशीच्या पेपरचं पान सरकवलेलं होतं. दर पायरीला ते पान ओढून बघत. सात इंचाला पान घट्ट होतं. नऊ इंचाला फाटत आलं, पण निघालं नाही. अकरा इंचाला ते अलगद बाहेर आलं. चाक जमिनीपासून सुटलं होतं. मामांनी पानाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलं : ११.

मग त्यांनी मागची एक थप्पी उतरवली. सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केले आणि एकेक दोरीनं टांगून हातोडीनं हलकेच वाजवला. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि चौथ्याला बद्द. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढा तडा होता. डोळ्याला दिसायला रॉकेलचा बोळा फिरवावा लागला, कानाला आधीच कळला होता.

मी: भोक पडलंय तिथेच पाटा कमजोर, आणि तिथेच सगळ्यात जास्त ताण.

मामा: त्यात यू-बोल्ट ढिले असले की बघायलाच नको. यू-बोल्टनं थप्पी आवळून धरायची असते, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. यू-बोल्ट सैल पडला की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की हौसिंग एका बाजूनं मागं सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी धावायला लागते.

सुटे पाटे उन्हात ओळीनं ठेवले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग गंजानं खरबरीत झाले होते आणि खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्यात नखाएवढी खाच पाडली होती. थप्पी वाकायची म्हणजे पाटे एकमेकांवर सरकले पाहिजेत. इथे ते एकमेकांना धरून बसले होते. छोट्या खड्ड्याचा धक्का हे कोरडं घर्षण मोडू शकत नाही, त्यामुळे थप्पी त्या क्षणापुरती सळईसारखी वागते आणि सगळा धक्का आपल्या पाठीला पोचतो. जिप्सी खडखडते म्हणून कंपनीला बोल लावणाऱ्यांनी आधी ही थप्पी उघडून बघावी.

दुसरा दिवस

सकाळी सांगलीहून एक मुलगा त्याची जिप्सी घेऊन आला. त्याला पाटे हौसिंगच्या खालून काढून वर बसवून हवे होते. जिप्सीचे पाटे कारखान्यातून हौसिंगखाली येतात. ते वर बसवले की हौसिंगची जाडी आणि थप्पीची जाडी मिळून गाडी पाचएक इंच उचलते. मामा 'करून देतो' म्हणायच्या बेतात होते. मी मधे पडले.

मी: मामा, ह्या कामाला माझा ठाम विरोध आहे. पाच इंच उंची मिळते, पण कुठे? डिफरन्शियल जमिनीपासून जितकं होतं तितकंच राहतं. धोंड्यावर आपटतो तो डिफरन्शियलचा गोळा, बॉडी नव्हे. तो वर न्यायचा तर मोठा टायर लागतो, आणि टायरचा व्यास चार इंच वाढवला तर गोळा दोनच इंच वर येतो.

मामा: पण मोठा टायर बसायला जागा हवी ना? ती जागा ह्या पाच इंचांनीच होते. आणि एक गोष्ट तू सांगितली नाहीस. आता पाटे खाली आहेत, म्हणजे यू-बोल्टच्या नट्या आणि खालची प्लेट नांगराच्या फाळासारखी हौसिंगखाली लोंबतात. प्रत्येक धोंडा आधी त्यांनाच लागतो. पाटे वर गेले की हौसिंग खालून साफ होतं.

मी: ते मान्य. पण त्याची किंमत बघा. गाडी जोर लावते तेव्हा हौसिंगला स्वतःभोवती फिरायचं असतं आणि त्याला पाटाच अडवतो. पाटा हौसिंगच्या वर गेला की टायर जिथं जमिनीला जोर लावतो ती जागा पाट्यापासून आणखी लांब पडते. तीच ताकद पाट्याला जास्त पीळ देते. मऊ पाटा असेल तर तो सापासारखं दुहेरी वळण घेतो, चढावर गाडी टपटप उडायला लागते आणि एखाद्या झटक्यात प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो.

मामा: त्यासाठी हौसिंगवरून चेसीला एक दांडा टाकतात, पीळ धरायला.

मी: टाकतात. म्हणजे एक बदल सावरायला दुसरा बदल. आता पुढे बघा. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा आधी जवळजवळ आडवा होता, तो पाच इंच तिरका होतो. मग चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हात न लावताही चाक वळतं. तो दांडा सरळ करायला काहीजण मधे वाकवून घेतात, आणि वाकवलेला दांडा जोर आल्यावर लवतो. तिसरं, प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो, त्याचा सरकता जोड अपुरा पडतो. चौथं, ब्रेकचे रबरी पाइप तोकडे होतात. पाचवं, शॉकअप तोकडे होतात. सहावं, हौसिंगवर पाट्याच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि उष्णतेनं हौसिंगच वाकू शकतं.

मामा: वेल्डिंग टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत केलं तर वाकत नाही. मी केलीत की. ह्या सगळ्या गोष्टी करून दिलेल्या गाड्या आजही डोंगरात फिरतात. २०१४ मध्ये गोव्यात भारतातलं रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झालं, तसल्या स्पर्धेत कंपनीच्या उंचीची जिप्सी घेऊन जा म्हणशील का? कमरेएवढा चिखल असतो तिथे.

मी: स्पर्धेची गाडी वेगळी. तिच्यात पिंजरा असतो, पट्टे असतात, विंच असतो, आणि ती ट्रकवर लादून नेतात. मी ह्या मुलाच्या गाडीबद्दल बोलते आहे. ती रोज रस्त्यावर चालणार. जिप्सीच्या दोन चाकांतलं अंतर साधारण १३०० मिलीमीटर. समजा तिचा गुरुत्वमध्य ६५० मिलीमीटर उंचीवर आहे, तर कागदावर ती ४५ अंश कलेपर्यंत उलटत नाही. बॉडी पाच इंच उचलली आणि गुरुत्वमध्य १०० मिलीमीटरनं वर गेला, तर तोच कोन ४१ अंशांवर येतो. हे गाडी उभी असताना, पाटे न लवता. वळणावर, एका बाजूचे पाटे दबलेले असताना, खरी मर्यादा ह्याहून पुष्कळ खाली असते. आंबा घाटात पावसात समोरून ट्रक आला आणि झटक्यात स्टिअरिंग फिरवावं लागलं, तर हे चार अंश कुठून आणायचे?

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, "गाडी कुठं चालवणार?" तो म्हणाला, "रोज कॉलेजला, आणि सुट्टीत मित्रांबरोबर गोव्याला." मामांनी त्याला समजावून सांगितलं की त्याला उंची नकोय, त्याला नवे बुश आणि चांगले शॉकअप हवेत. मुलगा हिरमुसला, पण गाडी ठेवून गेला. तो गेल्यावर मामा माझ्याकडे वळले.

मामा: त्याला नाही म्हटलं, म्हणून तुझं सगळं मान्य केलं असं समजू नकोस. ज्याची गाडी रानातच राबते, जो सावकाश चालवतो आणि पुढचे सहाही बदल करायची ज्याची तयारी आहे, त्याला मी हे काम करून देणार. अर्धवट करायचं असेल त्याला नाही.

मी: आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा पाट्यांकडेच बोट दाखवेल.

मामा: ते गिऱ्हाइकाला आधी सांगायला पाहिजे, हे खरं. आजवर मी पैसे सांगत आलो, हे सांगितलं नाही. इथून पुढं सांगीन.

मी: लांब शॅकलचं, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचं, काय? तो तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणून सगळे करतात.

मामा: करतात, आणि मग स्टिअरिंग हलकं झालं म्हणून माझ्याकडे येतात. कारण मला सांगता येत नाही, पण पाचर घालून मी ते बरं करतो.

मी: कारण असं आहे. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं मागचं टोक चेसीला पक्कं असतं आणि शॅकल पुढच्या टोकाला असतो. शॅकल दोन इंच लांब केला की मधे, हौसिंगपाशी, उंची एकच इंच मिळते. पण पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याबरोबर हौसिंगही पुढे झुकतं. चाकाची वळायची खुंटी वरून मागे कललेली असते, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखी, म्हणून स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. हौसिंग पुढे झुकलं की तो कल कमी होतो आणि ८० च्या वेगाला गाडी रस्त्यावर हिंडायला लागते. तुमची पाचर तो कल परत आणते.

मामा: म्हणजे एक इंच मिळवायला स्टिअरिंग घालवायचं. बरं, शॅकल पुढं असल्यामुळे धोंड्यावर चढताना पुढचं हौसिंग मागे सरकायच्या ऐवजी धोंड्यावर चाल करून जातं, म्हणून काहीजण शॅकल मागे घेऊन मागतात. ते कसं?

मी: धक्का कमी होतो, हे खरं. पण मग ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक जास्त दबतं. आणि चेसीवर नवी बैठक वेल्ड करायची, तीही सगळं वळवण्याचं काम जिथून होतं तिथे. माझ्या गाडीला नको.

मामा: तुझ्या गाडीला नको. हे मात्र तू बरं बोललीस. दुसऱ्याच्या गाडीला काय पाहिजे, ते त्याचा रस्ता ठरवेल.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, पाट्यांचा काळ संपत आला असं वाटत नाही का? १९७० च्या रेंज रोव्हरनं चारही चाकांना कॉइल दिल्या. २०१० च्या थारला मागे पाटे होते, २०२० च्या, नाशिकला बनणाऱ्या थारला मागेही कॉइल आल्या. जिप्सीचीच वारसदार जिम्नी कॉइलवर चालते. मामा म्हणाले, रानात तुटलेली कॉइल कोण जोडून देणार? पाटा तुटला तर बाभळीचं लाकूड आणि दोर बांधून गाडी घरापर्यंत येते. मी त्यांना सांगितलं की टोयोटाच्या ७० मालिकेतल्या लँड क्रूझरला १९९९ मध्ये पुढे कॉइल आल्या, मागे मात्र पाटेच राहिले. ओझं वाहायचं असेल तिथे पाटा अजून हटलेला नाही. मामांचा चेहरा उजळला.

तिसरा दिवस

तडा गेलेला पाटा वेल्ड करायला मामांनी सपशेल नकार दिला. वेल्डच्या शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पाटा तिथेच परत तुटतो. त्याच मापाची नवी पट्टी कापून त्यांनी भट्टीत घातली. पट्टी केशरी झाली, सुमारे ८५० ते ९०० अंशांना, तेव्हा साच्यावर बाक देऊन तेलात बुडवली. तेलाचा भपकारा उठला. अशी विझवलेली पट्टी काचेसारखी असते, ऐरणीवर पडली तरी मोडेल. म्हणून तिला पुन्हा साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवून तिचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. मामांकडे तापमापक नाही. मी पुण्याहून आणलेला तापमापक भट्टीच्या तोंडाशी धरला होता, आणि त्यांनी "आता" म्हणून पट्टी बाहेर काढली तेव्हा आकडा ४७० च्या आसपास होता. जे पाटेवाले पाटा थंडच ठोकून बाक देतात किंवा लाल करून तसाच हवेत ठेवतात, त्यांचा पाटा दोन महिन्यांत परत बसतो. त्याचं कारण त्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर होतं.

पाट्यांची टोकं ग्राइंडरनं गोलसर करून घेतली, म्हणजे ती वरच्या पाट्यात रुतणार नाहीत. गंज खरवडून ग्राफाइटचं ग्रीस लावलं. मागच्या थप्पीतला एक पाटा कमी केला आणि राहिलेल्यांना तेवढीच कमान वाढवली. मुख्य पाट्याच्या डोळ्यातले बुश नवे बसवले. शॅकलचे बोल्ट आवळायला मामांनी स्पॅनर हातात घेतला, पण गाडी अजून स्टँडवर होती, चाकं लोंबत होती. मी त्यांना थांबवलं. रबरी बुश चाकं लोंबत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट नुसते अडकवून गाडी जमिनीवर उतरवायची आणि मग आवळायचे. यू-बोल्ट मात्र मामांनी नवेच घातले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितकाच ताण धरत नाही, आणि शंभर किलोमीटर चालल्यावर तो परत आवळावाच लागतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

शेवटी मागचं एक चाक पूर्ण खाली लोंबू दिलं आणि आम्ही दोघं गाडीखाली शिरलो. पाटा आता मऊ झाला होता, त्यामुळे हौसिंग आधीपेक्षा जास्त खाली उतरत होतं. टॉर्चच्या उजेडात ब्रेकचा रबरी पाइप दिसला. एरवी सैल लोंबणारा तो पाइप तारेसारखा ताणला होता आणि लोखंडी नळीच्या जोडापाशी रबर पांढरं पडलं होतं.

मी: मामा, हे बघा. पाटे कितीही सुंदर झाले असते, पहिल्याच खड्ड्यात हा पाइप निसटला असता. पुढच्या उताराला मागचे ब्रेक गेले असते.

मामा: चाळीस वर्षांत इथं बोट लावून बघितलं नव्हतं. पाटे बसवले, यू-बोल्ट आवळले, काम झालं. पाइप मेकॅनिकनं बघायचा, असं आमचं.

मी: आणि शॉकअपही बघा. तो पूर्ण उघडलाय आणि चाकाला अजून खाली जायचंय. म्हणजे आता चाकाचं वजन शॉकअप पेलतोय. तो एक दिवस टोकातून उपटेल.

मामांनी पाइप आणि शॉकअप दोन्ही मापून लांब आणायला दुकानातल्या मुलाला बाजारात पिटाळलं. शॉकअपचं माप आम्ही दोन्ही टोकांना घेतलं. चाक पूर्ण खाली असताना तो ताणून उपटायला नको, आणि चाक पूर्ण वर दबलेलं असताना बंप स्टॉपचं रबर टेकायच्या आधी तो आतून आपटायला नको. ही दोन मापं न घेता शॉकअप विकत घेणं म्हणजे पैसे चिखलात टाकणं.

संध्याकाळी गाडी जमिनीवर आली. उंची आधीएवढीच होती. शेजारचा दुकानदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, तीन दिवसांत काहीच बदललं नाही की हो! बाहेरून बघणाऱ्याला खरंच काही दिसत नव्हतं.

मग आम्ही पुन्हा ठोकळ्यांची उतरंड रचली. मामांनी तेच पेपरचं पान घडी उलगडून मागच्या डाव्या चाकाखाली सरकवलं. नऊ इंच. पान हलेना. अकरा इंच, जिथे परवा ते अलगद निघालं होतं. मामांनी ओढलं, आणखी जोरानं ओढलं. पान घट्ट. बारा, तेरा. मी आरशात मागे बघत होते. मामा पानाच्या टोकाला धरून बसले होते, एखाद्या पोरानं पतंगाचा मांजा धरावा तसे. पंधराव्या इंचाला पान निघालं.

मामा: चार इंच. आणि गाडी उंच केली नाही.

मी: ह्याच चार इंचांत माझा धोंडा होता.

मामा: सांगलीच्या त्या पोराला उद्या बोलव. आधी त्याची गाडी अशी ठोकळ्यावर घालू. आकडा बघू दे त्याला. नंतर त्याला पाटे वर घ्यायचेच असतील तर मग सहा कामांची यादी त्याच्या हातात देऊ.

मी: मग घेऊन देणार?

मामा: देणार. पण सहाच्या सहा करायचं कबूल केलं तरच. तुला पटणार नाही, मला माहीत आहे.

मला अजूनही पटलेलं नाही. रोजच्या गाडीला ती उंची धोक्याची आहे असंच माझं मत आहे, आणि मामांना ते अती सावधपणाचं वाटतं. पण एका गोष्टीवर आम्ही दोघं ठाम आहोत, आणि ज्याच्याकडे पाट्यांची गाडी आहे त्या प्रत्येकाला ती सांगावीशी वाटते. पाट्यात बदल करायचा तो चाक जमिनीवर टिकावं म्हणून. उंचीचा हिशेब त्यानंतर. आधी थप्पी उघडून वाजवून बघा, साफ करा, गरजेपेक्षा जास्त पाटा असेल तर काढा, आणि चाक दोन्ही टोकांना नेऊन पाइप, शॉकअप, शाफ्ट कुठे ताणतात ते गाडीखाली शिरून डोळ्यांनी बघा. ह्यातल्या बऱ्याचशा कामाला पैशापेक्षा वेळच जास्त लागतो.

दुकानातून निघताना पाहिलं, मामांनी ते पेपरचं पान भट्टीशेजारच्या खिळ्याला अडकवलं होतं. एका कोपऱ्यात ११, दुसऱ्या कोपऱ्यात १५. त्याखाली, सांगलीच्या गाडीसाठी, त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ ओढून जागा मोकळी ठेवली होती.